दुसरा हात

धाकटी : ही तार नाहीये, ताई. भिंगातून बघ. बोल्टच्या आट्यांत पांढरट काहीतरी गुंडाळलेलं आहे ना, ते मी मोजलं. सव्वापाच वेढे. सुरुवातीला पातळ, मध्ये जाड, शेवटी दातेरी.

ताई : तार नाही तर काय आहे मग?

धाकटी : चेंबरचे आटे आहेत ते. बोल्ट पोलादाचा, तो ज्यात बसतो ते ऑइलचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं. बोल्टानं चेंबरच्या भोकातले आटे सोलून बरोबर आणलेत. संत्र्याची साल एका पट्टीत निघते, तसे.

ताई : म्हणजे चेंबरला आता नुसतं गुळगुळीत भोक. छान! आठच दिवसांपूर्वी मी स्वतः ऑइल बदलून दिलेली गाडी, आणि आज दोर बांधून दारात आणलीय. ड्रायव्हर, तुमच्या मालकांना काय सांगितलंत?

ड्रायव्हर : ऑइल गळतंय, गॅरेजला नेतो, म्हटलं.

ताई : ह्याच गॅरेजला?

ड्रायव्हर : लाँड्रीच्या सगळ्या गाड्या इथंच येतात, ताई. ते मी ठरवत नाही.

धाकटी : दादू, आत येऊन खुर्ची घे ना. किती वेळ दारात उभा राहणार?

ताई : ड्रायव्हर लोकांसाठी बाहेर बाक आहे.

धाकटी : ताई!

ताई : काय ताई? बावीस वर्षं इथं फिटर होता म्हणून आता पाहुणचार करू? अकरा महिन्यांपूर्वी त्या कुरिअरवाल्याचा बोल्ट भर रस्त्यात गळून पडला. ऑइल सगळं सांडलं, इंजिन जाम. तेव्हाही असेच आटे सोललेले. तूच तो बोल्ट तुझ्या लॅबमध्ये नेलास, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलास आणि लिहून दिलंस.

धाकटी : मी लिहिलं की ठरलेल्याच्या जवळजवळ दुप्पट जोर लागलाय.

ताई : तेच ते. जड हात. म्हणून काढलं ह्याला. काही चुकलं का माझं?

धाकटी : मग आज? दादू अकरा महिने इथं नाही. आज कोणाचा हात जड झाला?

ताई : पान्याचा! म्हणून तर तुला बोलावलंय. मुका झालाय तो. ठरलेला जोर आला की टिक करून सांगायचं, एवढं एकच काम असतं टॉर्क पान्याला. हा तोंडच उघडत नाही. दोन महिन्यांतली ही तिसरी गाडी. तपासलास की नाही?

धाकटी : वीस वेळा. चाळीसवर लावला की एकोणचाळीस ते साडेचाळीसच्या दरम्यान टिक करतो. नवा पाना आणलास तरी याहून बरा निघणार नाही.

ताई : तुझ्या लॅबमधल्या गार हवेत कंठ फुटला असेल. इथं आला की परत मुका. ठेव तिकडं. आधी ह्या चेंबरचं बघू. गाडीखालच्या खड्ड्यात उतर आणि टॉर्च धर. हात हलवू नकोस.

धाकटी : माझा हात हलत नाही.

ताई : माहितेय, शास्त्रीणबाई. आता हा आटे पाडायचा टॅप. ह्याला ग्रीस फासायचं, चांगलं लोण्यासारखं. आटे पाडताना जो चुरा निघतो तो ग्रीसला चिकटून बाहेर यायला हवा. आत पडला तर इंजिन खाऊन टाकेल.

धाकटी : पण जुन्या भोकाला आता आटेच नाहीत ना?

ताई : म्हणून तर एक माप मोठे पाडायचे. मग त्यात स्टीलची कॉइल फिरवत बसवायची. ही बघ, पेनातल्या स्प्रिंगसारखी. ती कायमची आत राहते. बाहेरून मोठे आटे धरून ठेवते, आतून जुन्याच मापाचे आटे देते. मूळ चेंबरपेक्षा पक्कं काम. अर्धा वेढा पुढं, पाव मागं. अर्धा पुढं, पाव मागं...

ड्रायव्हर : (खड्ड्याच्या काठाशी वाकून) टॅप कलतोय, ताई.

ताई : तुम्हाला कोणी विचारलं?

ड्रायव्हर : नाही विचारलं.

ताई : ...कुठल्या बाजूला?

ड्रायव्हर : डावीकडं. केसभर.

ताई : आता?

ड्रायव्हर : आता सरळ.

ताई : हं. निघाला टॅप. धाकटे, ते फडकं दे. भोक पूस, चुरा दिसतोय का बघ. तुझे डोळे चांगले आहेत.

धाकटी : एक कण आहे. थांब... निघाला. स्वच्छ.

ताई : आता कॉइल. ही गेली आत. एक, दोन, तीन... तोंडापासून पाव आटा खाली. बास. आता तळाची ही आडवी शेपटी एका ठोक्यात तोडायची. तुटली. लोहचुंबकानं काढ ती. दिसली?

धाकटी : मिळाली. सात मिलिमीटर.

ताई : मोजलीस पण! अगं, ती फेकायची असते. नवा वॉशर दे. नवा बोल्ट. बोटांनी कसा जातोय बघ, रेशमासारखा. आता आण तुझा तो गुणी पाना.

धाकटी : चाळीसवर लावलाय. हातमोजे काढ ना, किती जाड आहेत.

ताई : तेलकट हातात पाना सटकतो. मला शिकवू नकोस. हं, आवळतेय. आला जोर... अजून... बघ, बोलतोय का काही? परत घेते. बघ! मुका. मी काय...

ड्रायव्हर : ताई, बास!

धाकटी : थांब! ताई, सोड तो पाना!

ताई : अगं, ओरडायला काय झालं दोघांना?

धाकटी : टिक झालं.

ताई : कधी?

धाकटी : आत्ता. दोनदा. पहिल्या ओढीला एकदा, तू पाना मागे घेऊन परत ओढलास तेव्हा एकदा.

ताई : रस्त्यावरून काहीतरी गेलं असेल.

धाकटी : दादू, तू ऐकलंस?

ड्रायव्हर : मी काय सांगणार. मी बाकावरचा माणूस.

धाकटी : दादू.

ड्रायव्हर : दोनदा. मी ओरडलो नसतो तर तिसऱ्यांदा झालं असतं.

ताई : अस्सं. दोघं मिळून मला वेड्यात काढताय तर.

धाकटी : वर ये. त्या व्हाइसमध्ये एक जुना बोल्ट पकडते. तू माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बस, डोळे मीट. टिक ऐकू आलं की हात वर करायचा. नाही आलं तर नाही करायचा. बास, एवढंच.

ताई : पोरखेळ आहे नुसता.

धाकटी : पाच मिनिटांचा आहे. बस.

(ताई पाठमोरी बसते. धाकटी पाना ओढत राहते, मधूनच नुसती थांबते. ड्रायव्हर दाराच्या चौकटीला धरून बघत असतो. ताईचा हात एकदा वर होतो. बऱ्याच वेळानं आणखी एकदा.)

ताई : झालं का? मान अवघडली. सांग, काय निकाल? एक-दोन चुकले असतील.

धाकटी : मी दहा वेळा टिक वाजवलं.

ताई : बरं.

धाकटी : तू दोनदा हात वर केलास.

ताई : दोनच? ...बरं, दोन. म्हणजे थोडं कमी येत असेल. सर्दी आहे मला.

धाकटी : ताई, त्या दोन्ही वेळी मी पाना ओढलाच नव्हता. नुसती उभी होते.

ताई : खोटं.

धाकटी : दादू समोर उभा आहे.

ताई : दादू?

ड्रायव्हर : खरं आहे, ताई. दहाला शून्य.

ताई : असं कसं होईल? अगं, कालच रिक्षावाल्याचं बेअरिंग मी नुसतं कानानं ओळखलं. आत्ता तू बोलतेयस, ते येतंयच ना ऐकू मला?

धाकटी : बेअरिंगची घरघर जाड असते. माझं बोलणं तू तोंडाकडे बघून धरतेस. खड्ड्यातही मान वळवून माझ्याकडे बघत होतीस. पान्याची टिक बारीक असते, आणि बारीक आवाज आधी जातात. तीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडा, ताई. मोठ्या पान्याचा झटका तुझ्या हाताला कळतो. ह्या लहानाचा त्या मोज्यांतून कळत नाही.

ताई : मला वाटलं, घड्याळाचे गजर हल्ली वाईट येतात.

धाकटी : तीन गजर बदललेस.

ताई : मोजत होतीस तू?

धाकटी : मी दोन वर्षं म्हणतेय, कान तपासून घे. तू दर वेळी सर्दीवर ढकललंस. पण मला वाटलं, फार तर दाराची बेल चुकेल. पान्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. लॅबमध्ये रोज तोच आवाज ऐकते मी, तरी आलं नाही.

ताई : पाणी दे जरा.

धाकटी : घे. ...ताई, एक विचारू? कुरिअरच्या गाडीला दुसरा हात कोणाचा होता?

ताई : आता ते कशाला?

धाकटी : बाबांचा नियम होता ना. बोल्ट एकानं आवळायचा, मग दुसऱ्यानं परत पाना लावून टिक ऐकायची, तरच गाडी खड्ड्यावरून हलवायची. आधी दुसरा हात बाबांचा असायचा. बाबा गेल्यावर?

ताई : माझा. सगळ्या गाड्यांना माझाच.

धाकटी : त्या दिवशी दादूनं आवळल्यावर तू पाना लावलास. टिक आली होती?

ताई : नाही आली. म्हणून तर मला वाटलं, ह्यानं सैल सोडलाय. म्हणून मी...

धाकटी : ओढत गेलीस.

ताई : अगं आई गं.

धाकटी : मी जोर किती ते लिहून दिलं. अगदी बरोबर लिहून दिलं. शेवटचा हात कोणाचा, हे विचारलंच नाही. सूक्ष्मदर्शकात हात दिसत नाही. माझ्या त्या कागदावर तू ह्याला घरी बसवलंस.

ड्रायव्हर : मला माहीत होतं.

ताई : काय माहीत होतं?

ड्रायव्हर : तुम्ही खड्ड्यात होता, मी वर. तीनदा टिक ऐकली मी.

ताई : तेव्हा? अकरा महिन्यांपूर्वी? आणि तुझं तोंड काय शिवलं होतं का रे?

ड्रायव्हर : पहिल्यांदा वाटलं, मुद्दाम जास्त घेताय. बोल्ट पडल्यावर कळलं. मग तुम्ही गिऱ्हाइकासमोर विचारलंत, आवळलं कोणी? मी म्हटलं, मी. खोटं नव्हतं ते. वाटलं, पुढं तुम्ही म्हणाल, दुसरा हात माझा होता. तुम्ही म्हणाला नाहीत.

धाकटी : पण नंतर तरी सांगायचंस, दादू. मला सांगायचंस.

ड्रायव्हर : नंतर राग आला, धाकट्या ताई. बावीस वर्षांचा माणूस, त्याला जड हात म्हणून काढलं. घरी बायको रोज विचारायची, एवढं काय केलंत? मी मूग गिळून बसलो. म्हटलं, ओढू दे. एक दिवस कळेल आपोआप. मागच्या आठवड्यात ही गाडी घेऊन आलो, बाकावर बसलो आणि ऐकलं. एक, दोन, तीन.

धाकटी : आणि गाडी तशीच घेऊन गेलास?

ड्रायव्हर : तशीच.

धाकटी : आठ दिवस?

ड्रायव्हर : प्रत्येक थांब्यावर खाली वाकून बघायचो. आज सकाळी पहिला थेंब दिसला, तिथंच इंजिन बंद केलं.

धाकटी : वाट बघत होतास तू!

ड्रायव्हर : हो.

धाकटी : तुला माहीत होतं म्हणून तू वाकून बघत होतास. ज्यांना माहीत नाही, ते कशाला वाकतील?

ड्रायव्हर : ...हे मला आज दोर बांधताना सुचलं. लाज वाटण्यासारखं आहे. दारात उभा होतो तो सांगायलाच. धीर होत नव्हता.

ताई : शिव्या द्यायच्या होत्यास रे मला. पण सांगायचं होतंस.

ड्रायव्हर : आता सांगतो. ऐका. लहान पान्यानं तुम्ही एकटं चेंबरच आवळत नाही.

धाकटी : म्हणजे? ताई, आणखी काय आवळतेस त्यानं?

ताई : स्पार्क प्लग. पाण्याच्या पंपाचे चार बोल्ट. आणि...

धाकटी : आणि?

ताई : पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे.

धाकटी : ब्रेकचे?

ताई : ओरडू नकोस. मला धड ऐकू येत नाही तेव्हा काय ओरडतेस!

धाकटी : ते बोल्ट ताणले गेले असतील तर नुसते बघून कळणार नाही. एखादा नीट दिसेल, आणि एके दिवशी जोरात ब्रेक दाबला की... किती गाड्या, ताई?

ताई : जॉबकार्डं आहेत सगळी त्या कपाटात. ब्रेकच्या साठेक असतील. पासष्ट. गुरुवारचीच ती पेशंटची व्हॅन. डायलिसिसवाल्यांना ने-आण करते ती. दोन्ही बाजूंचे पॅड बदलले मी. दुसरा हात पण मीच. ह्याच्या जागी कोणी ठेवलंच नाही ना, दोन्ही हात माझेच.

ड्रायव्हर : ती व्हॅन घाटाच्या रस्त्यानं जाते.

ताई : माहितेय मला कुठल्या रस्त्यानं जाते!

धाकटी : फोन करायला हवा. आत्ता. सगळ्यांना.

ताई : करू. सांगू की पाना बिघडला होता.

धाकटी : पाना ठीक आहे.

ताई : मला माहितेय ठीक आहे. पण सांगायला काय जातं? गाड्या तर परत येतील ना? बोल्ट बदलून देऊ, फुकट देऊ. पाना बिघडला म्हटलं की प्रकरण मिटलं. तुझ्या लॅबचा एक कागद जोडला की...

धाकटी : लॅबच्या कागदावर पाना योग्य आहे असं लिहिलंय.

ताई : दुसरा लिही.

धाकटी : नाही.

ताई : अगं, तुला कळतंय का? लोक माझ्याकडे येतात कशाला? बाकीच्या गॅरेजांत मशीन लावून बघतात, इथं बाई नुसती कान लावून सांगते, म्हणून येतात. ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण गाडी देईल? दाराला कुलूप लावून बसू? बाबांचं गॅरेज आहे हे.

धाकटी : मागच्या वेळी माझा कागद नकळत तुझ्या सोयीचा झाला. ह्या वेळी कळून नाही करणार.

ताई : सख्खी बहीण ना तू माझी?

धाकटी : म्हणूनच नाही करणार.

ड्रायव्हर : पान्यावर खापर फोडा हवं तर, ताई. तो काही उलटून बोलायचा नाही. मी तरी कुठं बोललो?

ताई : ...लागलं रे ते.

ड्रायव्हर : लागावं म्हणूनच बोललो.

धाकटी : पण बोल्ट बदलून काय होणार, ताई? पाना बिघडला म्हणालीस, तर उद्या नव्या पान्यानं परत तूच आवळशील. कोणी थांब म्हणणार नाही, कारण कोणाला माहीतच नसेल.

ताई : कळलं. गप्प बस दोन मिनिटं. बसा दोघं गप्प.

(ताई कपाटातून जॉबकार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवते.)

ताई : दादू, कॅलिपरचे नवे बोल्ट किती आहेत बघ.

ड्रायव्हर : डबा कुठं ठेवता आता?

ताई : जिथं तू ठेवायचास तिथंच. आणि मोटरसायकलची किल्ली खिळ्यावर आहे.

ड्रायव्हर : सोळा आहेत. व्हॅनला चार पुरे.

ताई : घे चार. पाना पण घे. तुझ्याकडंच ठेव. धाकटे, गुरुवारचं कार्ड काढ, नंबर लाव. स्पीकरवर टाक.

धाकटी : लागला. वाजतोय. ...उचलला, ताई. बोल.

ताई : हॅलो? गॅरेजमधून बोलतेय. तुमची व्हॅन आता कुठं आहे? ...काय म्हणाला हा?

धाकटी : दवाखान्याच्या दारात आहे म्हणतोय. पेशंट आत गेलेत, तासाभरानं निघणार.

ताई : तू नको सांगू, मीच विचारते त्याला. हॅलो, ऐका. गाडी जागची हलवू नका, आम्ही नवे बोल्ट घेऊन तिकडंच येतोय. ब्रेकचे बोल्ट जास्त आवळले गेलेत. नाही, तुमचं काही चुकलं नाही. पानाही चांगला आहे. मी आवळलेत... काय? जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू कमी येतं.